मीठ मागितलं, पीठ आलं

खिळ्यांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला गल्लीत सगळे बरंकाका म्हणायचे. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. त्यांना काहीही सांगा, काहीही विचारा, ते मान डोलवून म्हणायचे, "बरं, बरं." काका, उद्या पाण्याची टाकी धुवायची आहे. बरं, बरं. काका, सायकल जरा पलीकडे लावाल का? बरं, बरं. समोरच्या शिंप्याने एकदा अंधाऱ्या जिन्यात गाठून आपला थोरला भाऊ गेल्याचं सांगितलं, तेव्हाही ते "बरं, बरं" म्हणाले आणि हसून पुढे गेले. शिंपी त्यानंतर चार महिने त्यांच्याशी बोलला नाही. तो का बोलत नाही, हे बरंकाकांना कधी कळलंच नाही.

कारखान्यात मात्र त्यांच्यासारखा कामाला वाघ नव्हता. लांबलचक शेड, तिच्यात दोन रांगांत बावीस यंत्रं. एका बाजूने तारेचं वेटोळं आत जायचं. यंत्र तार धरायचं, एका ठोक्यात तिचं डोकं चपटं करायचं, दुसऱ्या फटक्यात टोक काढायचं आणि खिळा खालच्या पेटीत टाकायचं. मिनिटाला तीनशे. बावीस यंत्रं एकदम चालू झाली की आवाज कानात नाही, थेट फासळ्यांत घुसायचा. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी डोकं धरून बसायचा, आठवड्याने सरावायचा आणि सहा महिन्यांत तिथली बोली शिकायचा. ती बोली म्हणजे ओठ आणि हात. चिमूट ओठांना लावली की चहा, मनगट फिरवलं की वेटोळं संपलं, कपाळावर बोट ठेवलं की साहेब येतोय. शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाशी घरच्या भानगडी बोलता यायच्या, आणि मधल्या वीस जणांना त्या आपोआप कळायच्या.

साथीच्या बातम्या येत होत्याच. एका मंगळवारी सकाळी साडेदहाला व्यवस्थापक आत आला आणि त्याने मुख्य खटका खाली ओढला. भर पाळीत बावीस यंत्रं एकदम थांबली. तोंडाला रुमाल बांधून तो एका लाकडी खोक्यावर चढला आणि दोन मिनिटं बोलला. बरंकाकांना त्यातलं अक्षर कळलं नाही. माणसांचे चेहरे उतरलेले तेवढे दिसले. त्यांनी शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला हातानेच विचारलं, काय? त्याने दोन्ही तळवे मिटून दाखवले, मग घराचं छप्पर केलं, मग गालाखाली हात घेऊन मान कलती केली. बंद. घरी जा. झोपा. शेवटी त्याने पैसे मोजल्यासारखा अंगठा घासला आणि एक बोट मधोमध कापून दाखवलं. अर्धा पगार.

अकरा वाजता ते दारात उभे राहिले, तेव्हा बायकोला वाटलं कुणीतरी गेलं. "अहो, काय झालं?" ती ओरडलीच.

"कारखाना बंद. साथ आहे ना. अर्धा पगार देतो म्हणाले."

"किती दिवस?"

"बरं," बरंकाका म्हणाले आणि बूट काढायला वाकले.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. हे असंच होतं. गेली सात-आठ वर्षं हे असंच होतं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या, आत स्वयंपाकघर. लेक बालवाडीत शिकवायची, तिची शाळाही बंद झाली होती. शाळेने दिलेला एक जुना लॅपटॉप तिने टेबलावर मांडला आणि रोज सकाळी त्याच्यासमोर बसून ती चार-पाच वर्षांच्या अठरा पोरांना गाणी शिकवायला लागली. एरवी तिघंही सकाळी पांगायची ती दिवेलागणीला भेटायची. दमलेली माणसं बोलून बोलून किती बोलणार? आता चोवीस तास एकमेकांसमोर. त्यामुळे आजवर दिवसाकाठी दोन व्हायचे ते घोटाळे वीस व्हायला लागले.

बायको ओट्यापाशी मान वळवून म्हणायची, जरा मिठाची बरणी द्या, बरंकाका पिठाचा डबा घेऊन हजर. ती म्हणायची, खिडकी लावा, ते उठून खडकी कुठे म्हणून विचारायचे, किंवा काहीच न विचारता नुसते उभे राहायचे. लेक विचारायची, बाबा, माझी कात्री पाहिलीत? ते म्हणायचे, खात्री आहे माझी. एकदा बायकोने विचारलं, "पंखा कमी करू का?" तर हे म्हणाले, "कर, पण जास्त तेल नको."

"यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं," बायको म्हणायची. "भिंत निदान उलटं तरी काही बोलत नाही."

ती रागाने म्हणायची. त्यांना मात्र ते खरंच वाटायचं. कारण त्यांच्या मनात एक भीती होती, जी त्यांनी घरात कुणालाही सांगितली नव्हती.

त्यांचे वडील टपाल वाटायचे. अर्ध्या शहराचे पत्ते त्यांना तोंडपाठ. पंचावन्नाव्या वर्षी त्यांचं बोलणं तिरपागडं व्हायला लागलं. विचारावं एक, उत्तर यावं भलतंच. घरच्यांनी आधी थट्टेवारी नेलं. मग एक दिवस ते पत्रं वाटून घरी आलेच नाहीत. संध्याकाळी सापडले तेव्हा आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्याच घराचा पत्ता विचारत होते. पुढची सहा वर्षं घराने जे पाहिलं ते पाहिलं. शेवटी शेवटी ते माणसांच्या तोंडाकडे असे बघायचे, जणू समोरचा कुठल्यातरी परक्या मुलखाची भाषा बोलतोय.

बरंकाका आता बावन्न वर्षांचे होते. आपली गाडीही त्याच वाटेला लागली, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. म्हणून ते कमी बोलायचे. फोन वाजला की न्हाणीघरात शिरायचे. कुणी काही विचारलं की "बरं, बरं" म्हणून सुटका करून घ्यायची, निदान उलटसुलट उत्तर तरी जात नाही. आणि रोज सकाळी, तोंड धुताना, ते स्वतःची परीक्षा घ्यायचे. एकोणतीसचा पाढा म्हणायचे. कारखान्यात आजवर होऊन गेलेले सगळे फोरमन क्रमाने आठवायचे. पाढा दर वेळी बिनचूक यायचा, फोरमन ओळीत उभे राहायचे. पण त्याने धीर येत नसे. वडिलांनाही पत्ते शेवटपर्यंत पाठ होतेच की. एक आपला सोडून.

सदऱ्याच्या आतल्या खिशात त्यांनी एक चिठ्ठी ठेवली होती. सदरा बदलला की चिठ्ठी नव्या सदऱ्यात घालायची, हे ते पाच वर्षं न चुकता करत आले होते.

दुसऱ्या आठवड्यात बायकोने त्यांना साबण आणायला पाठवलं. "मिळतील तेवढे आणा," तिने बजावलं, "रांगेत लांब उभे राहा, आणि कुणाशी गप्पा मारत बसू नका." या शेवटच्या वाक्यावर ती स्वतःच हसली.

कोपऱ्यावरच्या दुकानासमोर जमिनीवर चुन्याने गोल काढले होते. एकेका गोलात एकेक माणूस. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, नुसते डोळे वर. बरंकाकांचा नंबर आला. दुकानदाराने फळीवर प्लास्टिकचा जाड पडदा सोडला होता आणि पडद्यामागे त्याचंही तोंड झाकलेलं. वीस वर्षांची ओळख त्याची.

"साबण द्या," बरंकाका म्हणाले.

मास्क हलला. काहीतरी घुमल्यासारखा आवाज आला, जसा पाण्याखाली गेल्यावर वरच्या माणसांचा येतो. शब्द एकही नाही.

"बरं, बरं."

मास्क पुन्हा हलला. या वेळी शेवटी प्रश्न असावा, कारण भुवया वर गेल्या होत्या.

"बरं, बरं."

मागच्या गोलातली बाई काहीतरी बोलली. त्यांनी वळून पाहिलं. दोन डोळे, खाली कापड. त्याच्यामागचा माणूस बोलला. पुन्हा दोन डोळे, खाली कापड. दुकानदाराने एक खोका पुढे सरकवला. त्यांनी पैसे दिले, खोका उचलला आणि जवळजवळ पळतच घरी आले.

खोक्यात दोन डझन मेणबत्त्या निघाल्या.

बायकोने मेणबत्त्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "याने हात धुवायचे का आता?" ती म्हणाली. लेक तोंडावर हात धरून हसली. नंतर तिने दुकानात जाऊन विचारलं, तेव्हा उलगडा झाला. दुकानदार म्हणाला होता, साबण संपलाय, उद्या येईल. मेणबत्त्या आल्यात, नेताय का? आणि काका म्हणाले, बरं, बरं.

पण तोवर बरंकाका जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले होते. आजवर निदान माणसांचं निम्मंशिम्मं तरी कळायचं. आज वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस समोर उभा राहून बोलला आणि एक शब्द, एकसुद्धा शब्द कळला नाही. हीच ती परक्या मुलखाची भाषा. आली म्हणायची वेळ. त्यांनी तिथेच बसून एकोणतीसचा पाढा म्हटला. मग एकतीसचा म्हटला. दोन्ही आले. तरी त्यांनी दोन्ही पुन्हा पहिल्यापासून म्हटले.

त्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाले. बायकोने गुडघ्याला तेल चोळून दिलं, आणि ते निमूटपणे चोळून घेत बसले.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. शुक्रवार होता. लेक टेबलाशी बसून वर्ग घेत होती. बरंकाका तिच्या मागे, पलंगाच्या कडेला, मांडीवर सूप घेऊन मटार सोलत होते. काम हाताला, डोळे पडद्याकडे. त्या पोरांकडे बघायला त्यांना आवडायचं. एक मुलगा नेहमी खुर्चीवरून पडायचा, एक मुलगी सगळा वेळ आपल्या भावाला चौकटीबाहेर ढकलत असायची.

तेवढ्यात एका कोपऱ्यातल्या चौकटीत दोन शेंड्यांची एक चिमुरडी काहीतरी जीव तोडून सांगू लागली. आवाज काही येईना.

"बाळा, तुझा आवाज येत नाहीये," लेक म्हणाली. "खालचं ते लाल बटण दाब. नाही येत? आईला बोलाव बघू."

चिमुरडीने आणखी जोरात तोंड हलवलं.

"तिची आई आंघोळीला गेलीय," मटार सोलता सोलता बरंकाका म्हणाले. "आणि तिला शू लागलीय. जाऊ दे बिचारीला."

"हो, जा हं, जा," लेकीने हात केला. चिमुरडी उडी मारून पळाली. लेकीने पुढचं गाणं सुरू केलं, दोन ओळी म्हटल्या, आणि तिसऱ्या ओळीला तिचा आवाजच थांबला. ती हळूहळू मागे वळली.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"काय कसं कळलं? ती सांगत होती की."

"तिचा आवाज बंद होता, बाबा."

"असेल," बरंकाका म्हणाले. "पण सांगत तर होती."

लेकीने पोरांना चित्र रंगवायला सांगितलं आणि पाच मिनिटांत वर्ग आवरता घेतला. मग ती खुर्ची ओढून बापासमोर बसली. तिने पंजाने आपलं तोंड झाकलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"हात का धरलास तोंडावर? दात दुखतोय?"

तिने हात खाली घेतला. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण या वेळी नुसते ओठ हलवून, आवाज अजिबात न काढता.

"शुक्रवार," बरंकाका म्हणाले. "का गं? विसरलीस?"

ती उठून त्यांच्या पाठीमागे गेली. "बाबा, घराला आग लागलीय," ती म्हणाली. बरंकाकांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, दुसरी उचलली. ती पुन्हा समोर आली आणि आवाज न काढता म्हणाली, "मीठ."

"पीठ," बरंकाका म्हणाले.

"पीठ."

"पीठ. दोनदा काय म्हणतेस?"

"बाप."

"माप."

लेक धावत भिंतीवरच्या आरशापुढे गेली. मीठ, पीठ. माप, बाप. आरशात तिचे ओठ दर वेळी अगदी तसेच मिटत होते आणि तसेच उघडत होते. बघून सांगायचं तर म आणि प आणि ब यांत तसूभर फरक नव्हता. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही!" ती वळून म्हणाली.

"काहीतरीच," बरंकाका म्हणाले. "ऐकू येतं की. भांडं पडलं की येतं. ट्रक गेला की येतो. तुझी आई ओरडली की येतं."

"आणि शब्द?"

बरंकाका थांबले. हातातली शेंग हातातच राहिली. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. बहिरा म्हणजे ज्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही असा माणूस, एवढंच त्यांना माहीत. आवाज तर त्यांना येत होता.

"शब्द..." ते हळूच म्हणाले. "शब्द मी बघतो ना."

कारखान्यातली सगळीच माणसं शब्द बघायची. त्यात वेगळं काही आहे, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हणून तुम्हाला दुकानदाराचं कळलं नाही," लेक म्हणाली. "त्याचं तोंड झाकलेलं होतं. आई आतून पाठमोरी बोलते, ते कळत नाही. फोनवरचं कळत नाही. बाबा, हे सगळं कानाचं आहे!"

बरंकाकांनी सूप बाजूला ठेवलं.

"म्हणजे... डोकं नाही?"

"डोकं? डोक्याचं काय?"

त्यांनी आतल्या खिशात हात घातला आणि चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. बायको हे सगळं बोलणं ऐकून ओल्या हातांनी बाहेर आली होती. लेकीच्या खांद्यावरून तिने वाचलं. वर घराचा पत्ता होता, खाली बरंकाकांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: हे गृहस्थ कुठे सापडल्यास कृपया वरील पत्त्यावर आणून सोडावे. घरी पत्नी व मुलगी वाट पाहत असतील. स्वभावाने शांत आहेत, त्रास देणार नाहीत.

मग बायको त्यांच्यासमोर येऊन, अगदी समोर, गुडघे टेकून बसली.

"केव्हापासून खिशात आहे हे?"

"पाच वर्षं झाली. वडिलांचं असंच सुरू झालं होतं. तू तर बघितलंयस. मला वाटलं..."

"आणि मला वाटत होतं," बायको म्हणाली, "यांना माझा कंटाळा आलाय. मी बोलले की हे मुद्दाम कानाडोळा करतात." ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "अहो, दिवा मालवला की मी तुमच्याशी किती बोलायचे! दिवसभरात काय झालं, कुणाचं काय चुकलं, मला काय वाटलं. तुम्ही हूं की चूं करायचा नाहीत. मी म्हणायचे, झोपले. मग बोलणंच सोडलं मी."

"अंधारात मला काहीच दिसत नाही गं," बरंकाका म्हणाले.

ते ऐकून तिघांनाही एकदम हसू फुटलं. बरंकाका इतके हसले की सूप लवंडलं आणि मटाराचे दाणे पलंगाखाली गडगडत गेले. ते गोळा करायला म्हणून ते जमिनीवर बसले आणि तिथेच बसून राहिले. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला केला होता, आणि एवढा मोठा श्वास घ्यायची सवयच मोडली होती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. आपले कान गेलेत, या बातमीने एखाद्या माणसाला एवढा आनंद झाल्याचं कुणी पाहिलं नसेल.

कानाचे दवाखाने बंद होते. केव्हा उघडतील ते कुणी सांगू शकत नव्हतं. पण आता घाई कुणाला होती? रिकामा वेळ पडला होता, आणि करायला काम मिळालं होतं. लेकीने घराचे नियम ठरवले. पाठमोरं बोलायचं नाही. बोलण्याआधी टेबलावर टकटक करायची, म्हणजे ते वर बघतील. बरंकाकांनी दोघींना कारखान्याची बोली शिकवायला घेतली. मिठाला चिमूट, पिठाला मूठ. दहा दिवसांत बायको अशी पटाईत झाली की खिडकीत उभी राहून, समोरच्या माडीवरच्या बाईच्या नव्या पडद्यांबद्दल ती नवऱ्याशी हाताने काय वाटेल ते बोलायची, आणि तोंडाने त्याच बाईला म्हणायची, "छान आहेत हो पडदे!" बरंकाकांना तिथून उठून आत जाऊन हसावं लागायचं.

दुपारची जेवणं उरकली की दोघं समोरासमोर खुर्च्या टाकून बसायची. बायको सात वर्षांचा शिल्लक माल बाहेर काढायची.

"मी विचारलं होतं, बहिणीकडे महिनाभर जाऊ का. तुम्ही बरं, बरं म्हणालात. मला इतकं लागलं, की मी गेलेच नाही."

"मी म्हटलं असेल खरं. पण महिनाभर? मला काय खायला घातलं असतंस?"

"मी विचारलं होतं, मी आता म्हातारी दिसते का?"

बरंकाकांनी डोळे मिटून घेतले. "नको सांगू. मी काय म्हणालो असेन, ते कळलं मला."

"दोनदा म्हणालात."

शिंप्याची गोष्टही तेव्हाच बाहेर आली. बायकोने सांगितलं आणि बरंकाका ताडकन उठून सज्जात गेले. शिंपी समोरच्या सज्जात मास्क लावून झाडांना पाणी घालत होता. "शिंपीदादा!" बरंकाका ओरडले, तसे अख्खे जिने दणाणले. "तुमचा भाऊ गेला, तेव्हा मी बरं म्हणालो. मला ऐकू येत नाही हो! मला कळलंच नव्हतं! माफ करा!" आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. शिंपी क्षणभर पाण्याचा डबा धरून तसाच उभा राहिला. मग त्याने मास्क हनुवटीखाली ओढला आणि एकेक शब्द मोठा करून म्हणाला, "असू दे. कळलं." त्या दिवसापासून तो बरंकाका दिसले की आधी मास्क खाली घ्यायचा, मग चार पावलं मागे सरकायचा आणि मग बोलायचा.

दवाखाना उघडायला पावणेचार महिने लागले. डॉक्टरीणबाई नखशिखान्त झाकलेल्या, त्यात तोंडावर काचेची ढाल. लेकीने आधीच सगळं कळवून ठेवलं होतं, म्हणून त्या प्रत्येक गोष्ट पाटीवर लिहून दाखवायच्या. बरंकाकांना एका गाद्या लावलेल्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर डब्यांसारखे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. ते प्रामाणिकपणे बसून राहिले. सुरुवातीला पाच-सात वेळा दाबलं, मग बराच वेळ दाबायची वेळच आली नाही.

बाहेर आल्यावर बाईंनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली आणि लिहिलं: यंत्रांच्या आवाजाने कानाच्या नसा झिजल्या आहेत. गेलेलं परत येणार नाही, पण कानात यंत्र लावल्यावर बोलणं समजेल.

बरंकाकांनी मान हलवली. मग खुर्ची पुढे ओढली. "आणि डोकं, डॉक्टरीणबाई? तुम्ही स्पष्ट लिहा. मी घाबरणार नाही."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने वडिलांच्या वडिलांची गोष्ट थोडक्यात सांगितली. बाईंनी मग त्यांना बसवून दहा-पंधरा प्रश्न लिहून विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बरंकाकांनी इतक्या भराभर वजा केले की बाईंना मागे राहावं लागलं. शेवटी त्यांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: डोकं उत्तम. कानांचंही काम इतकी वर्षं तेच करतंय.

ती पाटी घरी नेता येईल का, असं बरंकाकांनी विचारलं. नाही म्हटल्यावर लेकीने तिचा फोटो काढून घेतला.

कानातली यंत्रं आली तेव्हा पहिले चार दिवस त्यांना वैताग आला. घरात किती गोष्टी आवाज करतात, याचा माणसाला पत्ता नसतो. नळ, चप्पल, वर्तमानपत्राचं पान, स्वतःचं चावणं. "हे सगळं तुम्ही रोज ऐकता?" त्यांनी विचारलं. "आणि तरी वेड लागत नाही?" पाचव्या दिवशी बायको आत भांडी लावता लावता, पाठमोरी, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. बरंकाका बाहेरून म्हणाले, "तुझा आवाज बदललाय गं."

ती दारात आली. "कसा?"

"जरा घोगरा झालाय. मला आठवत होता तो वेगळा होता, बारीक." त्यांनी कानातलं यंत्र जरा दाबून बसवलं. "हा जास्त चांगला आहे."

तिने टेबलावर टकटक केली. गरज नव्हती, पण सवय लागली होती. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

कारखाना उघडला तेव्हा निम्मी यंत्रं चालू झाली. बरंकाकांनी डॉक्टरीणबाईंचा कागद व्यवस्थापकापुढे ठेवला आणि शेडमध्ये जायला साफ नकार दिला. त्यांना पलीकडे खिळे भरण्याच्या खोलीत काम मिळालं. तिथे एक फोनही होता. तो वाजला की आता ते स्वतः उचलायचे आणि समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायचे.

पहिल्याच दिवशी, यंत्रं सुरू व्हायला दहा मिनिटं असताना, ते जुन्या सोबत्यांना भेटायला शेडमध्ये गेले. यंत्रांना तेल घालणारा म्हातारा खाली वाकून काम करत होता. तो बरंकाकांपेक्षाही सहा वर्षं आधी लागलेला. ते त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "काय तेलवाले, कसं काय?" शेड शांत होती. तेलवाला वाकलेलाच राहिला. त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. तेलवाल्याने तेलाचं भांडं उचललं आणि पुढच्या यंत्राकडे गेला.

बरंकाका वळसा घालून त्याच्या समोर आले. तेलवाल्याचे डोळे उजळले, पण लगेच विझलेही. "बरं झालं भेटलास," तो म्हणाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मास्क खाली ओढून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सांगितलं, "माझं काही खरं नाही रे आता. घरी बसून बसून कळलं. पोरं एक विचारतात, मी दुसरंच बोलतो. डोकं चाललंय माझं."

बरंकाकांनी त्याच्या हातातलं तेलाचं भांडं काढून खाली ठेवलं, आपलाही मास्क हनुवटीखाली घेतला आणि त्याला दिसेल असं म्हणाले, "चल बाहेर. आधी चहा पिऊ. तुला एक गंमत सांगतो."